एंडोमेट्रिओसिस रक्ताच्या तपासणीतून कळतो का? सीए-१२५ आणि नवे जैवसूचक

चाफेकळी (धागालेखिका)

नमस्कार. पाळीच्या दुखण्यावरचे येथील जुने धागे मी वाचून काढले, परंतु एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) याविषयीच्या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे वय ३१ आहे, पुण्यात राहते. नववीत असताना पहिल्यांदा शाळेच्या बाकावर डोके टेकवून, घामाने भिजून मी तासभर बसले होते. घरी आईने ओव्याचे पाणी आणि गरम पाण्याची पिशवी दिली, आणि आजी म्हणाली की लग्न झाले की हे थांबते. ते थांबले नाही. गेली तीन वर्षे पाळीच्या दोन दिवस आधीपासून कंबर धरते, पाळीत शौचाला बसले की आतून चिरत गेल्यासारखी कळ येते, आणि महिन्याचे चार दिवस मला कामावर जाता येत नाही.

मागच्या महिन्यात एका डॉक्टरांनी पोटावरून सोनोग्राफी करून घेतली आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी लिहून दिली. सोनोग्राफीत काही दिसले नाही. सीए-१२५ चा आकडा २२ आला, आणि रिपोर्टवर ३५ पर्यंत सामान्य असे छापलेले होते. तो कागद पाहून डॉक्टर म्हणाले, "एंडोमेट्रिओसिस असता तर हा आकडा वाढला असता. तुम्हाला काही झालेले नाही, ताण कमी करा." मी फाईल उचलून बाहेर आले आणि रिक्षात बसून रडले, कारण सोळा वर्षांचे दुखणे त्या एका आकड्याने खोटे ठरवले असे मला वाटले.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. सीए-१२५ सामान्य आहे म्हणजे हा आजार नाही, असे खरोखर म्हणता येते का? आणि एंडोमेट्रिओसिससाठी रक्ताची नवी तपासणी निघाली आहे असे मध्यंतरी वाचनात आले. ती आपल्याकडे येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरेल का?

पारिजात

चाफेकळी, तुमचे वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे नेमके उलटे घडले होते. माझ्या धाकट्या बहिणीचा सीए-१२५ चा आकडा दोनशेच्या घरात आला. रिपोर्ट आणायला भाऊजी गेले होते. त्यांनी मोबाईलवर शोधले, तर पहिल्याच ओळीत अंडाशयाच्या कर्करोगाचे नाव. पुढचे नऊ दिवस घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. आईने तर मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचे म्हणून दागिने गहाण ठेवायची बोलणी सुरू केली होती. शेवटी योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेल्या गाठी) निघाल्या, आणि शस्त्रक्रियेनंतर ऊतक तपासणीत एंडोमेट्रिओसिसच निघाला. कर्करोग नव्हता. रक्त काढले तेव्हा तिची पाळी चालू होती, हे आम्हाला कोणी विचारलेही नव्हते.

एकाच तपासणीने तुम्हाला आजार नाही असे सांगितले आणि आम्हाला नसलेला आजार दाखवला. मग ती करायची कशासाठी, हे कोणी जाणकाराने सांगावे.

सूक्ष्मदर्शी

मी विकृतिशास्त्रात काम करते आणि लॅबमध्ये हे रिपोर्ट माझ्या सहीने बाहेर जातात, त्यामुळे पारिजात यांच्या प्रश्नाचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

सीए-१२५ हा रेणू एंडोमेट्रिओसिससाठी शोधलेलाच नाही. १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींना चिकटणारे एक प्रतिपिंड तयार केले, आणि ते प्रतिपिंड ज्या रेणूला ओळखते त्याला सीए-१२५ हे नाव पडले. हा रेणू म्हणजे म्यूसिन-१६ नावाचे एक मोठे प्रथिन आहे. ते कर्करोगाच्या पेशीच बनवतात असे नाही. पोटातील अवयवांवरचे पातळ अस्तर, फुप्फुसांचे आवरण, हृदयाचे आवरण, गर्भनलिका आणि गर्भाशयाचे आतले अस्तर, या सगळ्या ठिकाणी ते मुळातच असते. यांपैकी कोठेही दाह झाला की ते रक्तात अधिक प्रमाणात उतरते.

म्हणून पाळीच्या दिवसांत सीए-१२५ वाढते, गरोदरपणाच्या सुरुवातीला वाढते, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातील साध्या गाठींमध्ये), ओटीपोटातील जंतुसंसर्गात, यकृताच्या सिरोसिसमध्ये आणि हृदय निकामी होत असतानाही वाढते. आपल्याकडे एक कारण कधीही विसरता कामा नये, ते म्हणजे पोटाचा क्षयरोग. पोटात पाणी झालेली, वजन उतरलेली तरुण मुलगी, सीए-१२५ कित्येक पटींनी वाढलेले, घरच्यांनी कर्करोग गृहीत धरलेला, आणि तपासणीअंती निघतो क्षय, असे रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत.

उलट बाजूने पाहिले तर एंडोमेट्रिओसिसची बीजे, म्हणजे गर्भाशयाबाहेर रुजलेले ते ऊतक, पोटाच्या अस्तरावर मोहरीएवढी विखुरलेली असतील, तर ती रक्तात मोजता येण्याइतके सीए-१२५ सोडतीलच असे नाही. अंडाशयात चॉकलेट सिस्ट असेल, किंवा आजार खोलवर पसरून अवयव एकमेकांना चिकटले असतील, तर आकडा वाढण्याची शक्यता अधिक. याचा अर्थ असा, की जो आजार सोनोग्राफीत एरवीही दिसला असता तोच या तपासणीत बहुधा सापडतो, आणि जो दिसत नाही तेथे ती आपल्याला सोडून जाते. चाफेकळी, तुमच्या २२ या आकड्यावरून आजार आहे असे म्हणता येत नाही, आणि नाही असे तर मुळीच म्हणता येत नाही.

लॅबच्या आतील दोन गोष्टीही सांगते, कारण त्या रुग्णांपर्यंत पोहोचत नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर आणि किटवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येऊ शकतात, तेव्हा एका लॅबचा जानेवारीतील आकडा आणि दुसऱ्या लॅबचा जूनमधील आकडा शेजारी ठेवून 'वाढले' किंवा 'कमी झाले' असे ठरवू नये. दुसरे असे, की केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिनचे प्रमाण मोठे असते, आणि काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. रक्त घेताना आमच्या मुली आता पाळीचा दिवस आणि चालू गोळ्या विचारून ट्यूबच्या फॉर्मवर लिहितात. ही सवय लावायला मला वर्ष लागले.

अंकपाश

माझे काम आकडेवारीचे आहे, वैद्यक माझा विषय नाही. परंतु सूक्ष्मदर्शी यांनी जे शब्दांत सांगितले ते आकड्यांत मांडले तर अधिक स्पष्ट होईल असे वाटते.

कोणत्याही तपासणीचे दोन गुण पाहायचे असतात. आजार असलेल्या शंभर जणींपैकी किती जणींना ती पकडते, ही तिची संवेदनशीलता. आजार नसलेल्या शंभर जणींपैकी किती जणींना ती बरोबर वगळते, ही तिची विशिष्टता. सीए-१२५ वरील १४ अभ्यास एकत्र करून २०१६ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात ३० ही सीमा धरली तर विशिष्टता ९३ टक्के आणि संवेदनशीलता ५२ टक्के निघाली. म्हणजे आजार असलेल्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना ही तपासणी 'सामान्य' म्हणून परत पाठवते.

आता समजा, दुखण्यामुळे डॉक्टरांकडे आलेल्या १००० स्त्रिया आहेत, आणि त्यांच्यातील निम्म्या जणींना खरोखर एंडोमेट्रिओसिस आहे. हे 'निम्म्या' मी केवळ उदाहरणासाठी धरले आहे. आजार असलेल्या ५०० पैकी २६० सापडतील, २४० सुटतील. आजार नसलेल्या ५०० पैकी ४६५ सामान्य येतील, ३५ उगाच अडकतील. आकडा वाढलेल्या एकूण २९५ जणींपैकी २६० जणींना आजार आहे, म्हणजे वाढलेला आकडा बऱ्यापैकी खरे बोलतो. परंतु आकडा सामान्य आलेल्या ७०५ जणींपैकी २४० जणींना आजार आहे. दर तीन जणींमागे एक. चाफेकळी यांना जे सांगितले गेले, ते या एक तृतीयांश स्त्रियांच्या बाबतीत सपशेल चुकीचे आहे.

हीच तपासणी कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांच्या 'संपूर्ण आरोग्य पॅकेज'मध्ये घातली तर काय होते तेही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी स्त्रियांना आणि मुलींना हा आजार आहे. १००० जणींत १०० धरल्या तर ५२ सापडतील, आणि उरलेल्या ९०० मधून ६३ जणी विनाकारण घाबरतील. वाढलेला आकडा आलेल्यांपैकी निम्म्यांहून अधिक जणींना हा आजारच नसेल. तपासणी तीच, रक्त तितकेच, परंतु ती कोणाची केली यावर तिचा अर्थ बदलतो. पॅकेज विकणाऱ्या लॅबनी हे रुग्णाला सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

कृष्णाकाठ

सर्वांचे म्हणणे मान्य आहे, तरी एक विचारतो. माझ्या पत्नीला हाच त्रास आहे आणि निदानासाठीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला ती तयार नाही. रक्ताच्या तपासणीला सुई टोचण्यापलीकडे काही धोका नाही. निम्म्या जणींना जरी ती पकडत असली तरी निम्म्यांचा फायदाच झाला ना? मग डॉक्टरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे निदानासाठी ही तपासणी नको म्हणतात असे ऐकले, ते का?

वैद्यकन्या

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नाशिकला असते. कृष्णाकाठ यांचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्या बाह्यरुग्ण विभागात तो आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो.

धोका सुईत नाही, रिपोर्टनंतर जे घडते त्यात आहे. आकडा सामान्य आला की शोध थांबतो. डॉक्टर थांबतात, घरचे थांबतात आणि कालांतराने ती मुलगीही स्वतःवर शंका घेऊ लागते. या आजारात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत जगभरात सर्रास सात-आठ वर्षे जातात, आणि त्या वर्षांत चुकीच्या दिलाशाचा वाटा मोठा असतो. म्हणूनच ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठी सीए-१२५ वापरू नये असे स्पष्ट लिहिले आहे, आणि आकडा ३५ पेक्षा कमी असतानाही आजार असू शकतो अशी आठवण तेथेच करून दिली आहे. युरोपातील प्रजनन-वैद्यक संस्थेची २०२२ ची तत्त्वे त्याहून पुढे जातात: रक्त, पाळीचा स्राव किंवा गर्भाशयाचे अस्तर, कशातीलही जैवसूचक (आजाराची खूण म्हणून मोजला जाणारा पदार्थ) निदानासाठी वापरू नये.

मात्र त्याच २०२२ च्या तत्त्वांत दुसरी एक गोष्ट आहे, जी तुमच्या पत्नीच्या उपयोगाची आहे. दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान नाही, हा जुना दंडक त्यांनी बाजूला ठेवला आहे. लक्षणे नीट ऐकून, तपासून आणि चांगली प्रतिमा-तपासणी करून उपचार सुरू करता येतात. प्रतिमेत काही दिसले नाही, किंवा औषधाने उतार पडला नाही, किंवा औषध देणे योग्य नाही, अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार करायचा. म्हणजे एकीकडे शस्त्रक्रिया आणि दुसरीकडे रक्ताचा आकडा, एवढे दोनच रस्ते नाहीत.

चाफेकळी, तुमच्याविषयी सांगायचे तर पोटावरून केलेली साधी सोनोग्राफी या आजारात फारसे काही सांगत नाही. योनीमार्गातून केलेली, आणि एंडोमेट्रिओसिस शोधण्याचा सराव असलेल्या व्यक्तीने केलेली सोनोग्राफी वेगळी असते. त्यात प्रोबने हलके ढकलून गर्भाशय आणि त्यामागचे आतडे एकमेकांवरून सरकतात की चिकटलेले आहेत हे पाहतात, अंडाशय जागचे हलते का ते पाहतात, गर्भाशयामागील बंधांवर गाठी आहेत का ते पाहतात. गरज पडल्यास एमआरआय करतात. पाळीत शौचाच्या वेळी कळ येणे हे लक्षण तुम्ही लिहिले आहे. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ते गर्भाशयामागील खोल आजाराकडे बोट दाखवते आणि संकोचामुळे बहुतेक मुली ते बोलतच नाहीत.

सीए-१२५ चा उपयोग अजिबात नाही असेही मी म्हणणार नाही. अंडाशयात गाठ दिसत असेल आणि तिच्याविषयी शंका असेल, तर सोनोग्राफीतील स्वरूप, वय आणि सीए-१२५ यांचा एकत्र विचार होतो. अशा वेळी एचई-४ नावाचे दुसरे प्रथिनही मोजतात. एंडोमेट्रिओसिसमध्ये ते सहसा वाढत नाही, त्यामुळे पारिजात यांच्या बहिणीसारख्या रुग्णाच्या घरी नऊ दिवसांची ती भीती कदाचित दोन दिवसांत आटोपली असती.

अंकपाश

वैद्यकन्या यांना एक पूरक मुद्दा. २०१६ मध्येच कॉक्रेन संस्थेने एंडोमेट्रिओसिसच्या रक्तातील जैवसूचकांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला होता. १४१ अभ्यास, १५,१४१ सहभागी आणि १२२ वेगवेगळे जैवसूचक. शस्त्रक्रियेची जागा घ्यायची तर तपासणीची संवेदनशीलता किमान ९४ टक्के आणि विशिष्टता किमान ७९ टक्के हवी, असा निकष त्यांनी आधीच आखून ठेवला होता. १२२ पैकी एकाही जैवसूचकाची प्रत्यक्ष रुग्णसेवेत वापरण्यासाठी शिफारस करण्याइतका भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. माझ्या मते हा आढावा वाचण्यासारखा आहे तो त्याच्या निष्कर्षापेक्षा त्यातील तक्रारींसाठी: अभ्यास लहान, निवडलेल्या स्त्रिया एकसारख्या नाहीत, आणि सामान्य-असामान्य यांची सीमा प्रत्येकाने आपली वेगळी, तीही बरेचदा निकाल पाहून नंतर ठरवलेली.

सूक्ष्मदर्शी

अंकपाश यांनी जेथे सोडले तेथून थोडे पुढे सांगते, कारण 'एवढी वर्षे शोधूनही का सापडत नाही' असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे.

अडचण अशी, की हा एक आजार नसून एका नावाखालचे तीन-चार आजार असावेत असे दिसते. पोटाच्या अस्तरावरील वरवरची बीजे, अंडाशयातील चॉकलेट सिस्ट आणि आतड्यांपर्यंत खोल गेलेला आजार, यांचे वागणे वेगळे आहे. दुखणे आणि आजाराची पायरी (तो किती पसरला आहे त्यानुसार एक ते चार) यांचाही मेळ बसत नाही. पहिल्या पायरीवरची मुलगी जमिनीवर लोळते, आणि चौथ्या पायरीवरच्या बाईला मूल होत नाही म्हणून तपासले तेव्हा प्रथम कळते. शिवाय ही बीजे गर्भाशयाच्या अस्तरासारखीच असतात, म्हणजे ज्या गोष्टी ती रक्तात सोडतात त्याच गोष्टी निरोगी गर्भाशयही दर महिन्याला सोडत असतो. त्या गोंधळात वेगळा आवाज ऐकायचा, तोही पाळीचा दिवस आणि संप्रेरकांच्या गोळ्या यांनी सतत बदलणारा, हे काम खरोखर कठीण आहे.

आणि तुलना कोणाशी करायची? हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. आजारी स्त्रियांचे रक्त ठणठणीत मुलींच्या रक्ताशी ताडून पाहिले तर बहुतेक कोणतेही दाहसूचक प्रथिन वेगळे दिसेल. परंतु दवाखान्यात प्रश्न असा असतो, की समोर बसलेल्या, दुखण्याने बेजार झालेल्या दोघींपैकी एंडोमेट्रिओसिस कोणाला आहे आणि दुसरे काही कोणाला. अभ्यासात दुसरी बाजू दुखणाऱ्या, परंतु दुर्बिणीतून तपासून आजार नाही असे ठरलेल्या स्त्रियांची नसेल, तर त्या आकड्यांना मी फारसे महत्त्व देत नाही.

यारेकाठची

मी मेलबर्नमध्ये राहते आणि चाफेकळी यांनी वाचलेली बातमी बहुधा येथलीच असावी. पर्थ येथील प्रोटिऑमिक्स इंटरनॅशनल या कंपनीने मेलबर्न विद्यापीठ आणि येथील रॉयल विमेन्स रुग्णालय यांच्याबरोबर केलेले काम २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. रक्तातील दहा प्रथिने एकत्र मोजून ८०५ जणींच्या नमुन्यांवर हे प्रारूप तपासले आहे. सूक्ष्मदर्शी, तुमचा आक्षेप लक्षात घेऊन मुद्दाम पाहिले: लक्षणे असलेल्या, परंतु आजार नसलेल्या स्त्रियांचा गट त्यात आहे, आणि तीव्र आजार असलेल्यांना त्यांच्यापासून वेगळे करण्याची क्षमता एकच्या मापावर (१ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नुसती नाणेफेक) ०.९९७ इतकी निघाली. ही कामगिरी फार मोठी आहे. परंतु तो आकडा तीव्र आजारासाठीचा आहे, आणि सुरुवातीच्या पायऱ्यांवर क्षमता त्याहून कमी आहे. बातम्यांच्या मथळ्यांत हा फरक गळून पडला होता.

दुसरी तपासणी फ्रान्समधील आहे, ती रक्तावर नसून लाळेवर आहे. लाळेतील १०९ मायक्रो-आरएनए (जनुकांचे काम नियंत्रित करणारे छोटे रेणू) वाचून निदान करतात. २०२३ मध्ये २०० स्त्रियांवरील अंतरिम निकाल प्रसिद्ध झाले, त्यात संवेदनशीलता ९६.२ टक्के आणि विशिष्टता ९५.१ टक्के होती. आकडे पाहून कोणालाही वाटेल की प्रश्न सुटला. तरी फ्रान्सच्या आरोग्य प्राधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये या तपासणीला सरसकट मान्यता न देता, आणखी पुरावा गोळा करण्याच्या अटीवर ठरावीक रुग्णांसाठी तिचा खर्च उचलण्यास अनुकूलता दर्शवली. आधी डॉक्टरांची तपासणी, मग प्रतिमा-तपासणी, आणि तरीही उलगडा झाला नाही तरच लाळ. ही सावधगिरी मला योग्य वाटते.

सह्यवेली

मी जीवरसायनशास्त्रात संशोधन करते. परदेशातील कामाविषयी एवढे लिहिले गेले, म्हणून मुंबईतील कामाचीही नोंद येथे व्हावी.

परळला राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे, ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था आहे. तेथील संशोधकांनी २०१२ मध्येच वेगळ्या दिशेने विचार केला होता. बीजे रक्तात काय सोडतात हे शोधण्याऐवजी, शरीर त्या बीजांविरुद्ध कोणती प्रतिपिंडे तयार करते हे त्यांनी शोधले. ट्रोपोमायोसिन-३, ट्रोपोमोड्युलिन-३ आणि स्टोमॅटिनसदृश प्रथिन-२ यांच्या विशिष्ट तुकड्यांविरुद्धची प्रतिपिंडे रुग्णांच्या रक्तात वाढलेली आढळली, आणि आजाराच्या सुरुवातीच्या पायऱ्यांवर त्यांची कामगिरी सीए-१२५ पेक्षा चांगली होती. जेथे सीए-१२५ सर्वांत अधिक चुकते तेथेच. शरीराची प्रतिकारयंत्रणा अगदी थोड्या परक्या वस्तूवरही मोठ्या प्रमाणात प्रतिपिंडे बनवते, म्हणून मोहरीएवढ्या बीजांचाही माग लागू शकेल, असा त्यामागचा तर्क मला फार सुंदर वाटतो. अर्थात मोठ्या संख्येवर, वेगवेगळ्या ठिकाणी पडताळणी झाल्याशिवाय अशी तपासणी लॅबच्या दरपत्रकावर येऊ शकत नाही, आणि येऊही नये.

त्याच संस्थेच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांतील एंडोमेट्रिओसिसचा वैद्यकीय आणि जनुकीय अभ्यास देशातील अनेक केंद्रांत चालू आहे. याचे महत्त्व असे, की २०२३ मध्ये जनुकीय अभ्यासांचे जे सर्वांत मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले त्यात ६०,६७४ रुग्ण होते, परंतु ते युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाचे होते. आपल्याकडे रक्तातील दाह वाढवणारी कारणे वेगळी आहेत, क्षयाचे प्रमाण वेगळे आहे. मेलबर्नमधील सीमारेषा सोलापूरला जशीच्या तशी लागू पडेल असे गृहीत धरता येणार नाही.

कृष्णाकाठ

वैद्यकन्या, आपले उत्तर मी पत्नीला वाचून दाखवले. 'शस्त्रक्रियेशिवायही उपचार सुरू होतात' हे वाक्य तिने दोनदा वाचायला लावले. आम्ही पुढच्या आठवड्यात जात आहोत. आभारी आहे.

चाफेकळी (धागालेखिका)

पाच आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याचा प्रत्यक्ष उपयोग काय झाला हे सांगणे मला आवश्यक वाटते.

वैद्यकन्या यांनी सुचवल्याप्रमाणे, या आजाराचा सराव असलेल्या डॉक्टरांकडे योनीमार्गातून सोनोग्राफी करून घेतली. मी शौचाच्या वेळच्या कळेविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवून तेथेच प्रोब थोडा वळवला, आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे पाहा, हे सरकायला हवे होते." मलाही दिसले. डावे अंडाशय गर्भाशयाच्या मागे चिकटलेले आहे आणि मागच्या बंधावर सुमारे एक सेंटिमीटरची गाठ आहे. मी सीए-१२५ चा कागद पुढे केला, तर त्यांनी तो पाहिला, फाईलमध्ये परत ठेवला आणि म्हणाल्या, "याने माझ्या निर्णयात काही फरक पडत नाही." डायनोजेस्ट या संप्रेरकाची रोज एक गोळी सुरू करायची ठरली. शस्त्रक्रियेचा विचार सहा महिन्यांनी, गरज पडली तर.

निघताना त्यांनी विचारले, की एका संशोधनासाठी थोडे रक्त द्याल का. गोळी सुरू होण्यापूर्वीच घ्यायला हवे. मी हो म्हटले. फॉर्म आठ पानांचा होता. पाळीचा कितवा दिवस, मागच्या तीन महिन्यांत कोणत्या संप्रेरकांच्या गोळ्या, दुखणे कोणत्या दिवशी किती, केसांसाठी काही घेता का. सूक्ष्मदर्शी, तो प्रश्न वाचताना तुमची आठवण झाली. रक्त घेणाऱ्या ताईंनी ट्यूब बर्फात ठेवली, वेळ लिहिली आणि पुन्हा एकदा विचारले, "आज नववा दिवस, नक्की ना?" मी नक्की म्हणून सांगितले. घरी येऊन रात्री जेवणानंतर पहिली गोळी घेतली.